घरबसल्या लायब्ररीचं पुस्तक टॅबवर मिळतं का? (आईसाठी विचारतेय)

गिरगावची_पोर:
आई ७४ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि चाळीला लिफ्ट नाही. इतकी वर्षं आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन लायब्ररीत जायची, आता दोन महिने घरात बसून नुसती चिडचिड चाललीय. मी पुस्तकं आणून देते पण मी आणलेलं तिला आवडत नाही, "तू कव्हर बघून आणतेस" म्हणते, जे खरंच आहे. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, तो लायब्ररीचा कार्ड नंबर लिबी ॲपमध्ये टाकतो की ई-बुक, ऑडिओबुक फुकट, मुदत संपली की आपोआप परत, दंड नाही काही नाही. तसं मुंबईत कुठे आहे का? आमच्या लायब्ररीला फोन केला तर म्हणाले हो ऑनलाइन आहोत ना, वेबसाइटवर आमचं टायमिंग बघा!!

एडिसनहून_नमस्कार:
तुमच्या भावाकडे आहे ते माझ्याकडेपण आहे म्हणून सांगते. लिबी म्हणजे नुसती खिडकी, आतली पुस्तकं त्या त्या लायब्ररीने पैसे भरून घेतलेली असतात आणि बहुतेक ई-बुकांना एक प्रत एका वेळी एकालाच, म्हणजे अगदी कागदी पुस्तकासारखंच. नवीन गाजलेलं काही हवं असेल तर नंबर लावायचा आणि कित्येक आठवडे थांबायचं. कार्ड साधारणपणे त्या भागात राहणाऱ्यालाच देतात, त्यामुळे भावाचं कार्ड आईच्या टॅबवर टाकायच्या भानगडीत पडू नका. आणि गंमत म्हणजे मी मराठी किती शोधलं, माझ्या लायब्ररीत एकही मिळालं नाही. मीच भारतात आले की बॅग भरून नेते.

काउंटरच्या_मागून:
मी उपनगरातल्या एका ब वर्ग वाचनालयात १९ वर्षं आहे, त्यामुळे थोडं मोठं लिहितो. आपल्याकडे तसं का नाही याचं कारण असं की इथली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीतच, संस्थांची आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ ब क ड असा वर्ग मिळतो आणि त्याप्रमाणे अनुदान येतं. प्रत्येकाचा सभासद वेगळा, रजिस्टर वेगळं, डिपॉझिट वेगळं. पूर्ण शहराला मिळून एक कार्ड नाही तर एक ॲप कुठून येणार. अनुदानात पगार आणि पुस्तकं भागली तरी खूप झालं. मी दोन प्रकाशकांना विचारून पाहिलं होतं, ते म्हणाले वाचकाला ई-बुक विकतो पण लायब्ररीने ते दहा जणांना फिरवायचं, अशी सोय आमच्याकडे नाही.

आता मिळतं ते सांगतो. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून पडलीयत, मराठी विकिस्रोतवरही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची प्रकाशनं पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत. नातवंडं असतील तर नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे ॲप बघा, मुलांसाठीच आहे, मराठीही आहे, पैसे लागत नाहीत.

ठाणे_लोकल_डबा३:
एवढं कशाला, टेलिग्रामवर सगळं आहे, कालच आलेलं पुस्तकसुद्धा. लिंक देऊ?

काउंटरच्या_मागून:
नको. हजार प्रतींची आवृत्ती खपायला मराठीत कधी कधी चार वर्षं लागतात, त्यात तुम्ही लिंका वाटा.

पार्ल्याचा_पेन्शनर:
अर्काइव्हबद्दल एक राहिलं. तिथे दोन प्रकार आहेत. कॉपीराइट संपलेलं असेल ते सरळ डाउनलोड होतं, बाकीचं फुकट अकाउंट काढून 'बॉरो' करायचं, त्यातलं बरंचसं एका तासापुरतंच. मी चहा ठेवायला उठलो तेवढ्यात पुस्तक परत गेलं, बायको म्हणाली तुमची लायब्ररीवाली फार कडक दिसते. परत दाबलं की परत मिळतं म्हणा. पण हा साठा आटलाय, अमेरिकेतल्या प्रकाशकांनी केस केली, २०२३ मध्ये अर्काइव्ह हरलं, २०२४ मध्ये अपिलातही हरलं आणि ५ लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देणं बंद झालं. आईंना इंग्रजी चालत असेल तर ब्रिटिश कौन्सिलची डिजिटल मेंबरशिप आहे, वार्षिक फी भरून. डोळे दुखत असतील तर स्टोरीटेलवर मराठी ऑडिओ भरपूर आहे पण ती लायब्ररी नाही, वर्गणी आहे.

आणि टॅब आडवा धरायला सांगा. स्कॅनमध्ये अक्षर मोठं करायला गेलं की पान इकडेतिकडे सरकतं आणि प्रत्येक ओळीला बोटाने ढकलत बसावं लागतं. आडवा धरला की रुंदीत मावतं, मग फक्त खाली जायचं.

गिरगावची_पोर:
सगळ्यांना थँक्यू, आडवा टॅब हा उपाय फारच कामाला आला, उशीला टेकवून वाचते. अर्काइव्हवरून एक जुनी कादंबरी उतरवून दिली, पहिल्या पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि मध्ये नायिका नवऱ्याला माफ करते तिथे समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय "मूर्ख आहे ही". आई एवढी हसली की टाके दुखले म्हणाली. आता कथेपेक्षा समासच जास्त वाचतेय, आणि नवीन पुस्तकांसाठी लायब्ररीत मी चिठ्ठी घेऊन जाते, तिनेच लिहिलेली, कव्हर बघायचं नाही अशी ताकीद आहे.

फक्त त्या स्कॅनमध्ये ११२ आणि ११३ ही पानंच नाहीत, १११ वरून थेट ११४. नेमकं तिथेच पत्र सापडतं. काउंटरवाले दादा, पुस्तकाचं नाव मेसेज करते, तुमच्याकडे प्रत असेल तर त्या दोन पानांचा फोटो पाठवाल का?

काउंटरच्या_मागून:
पाठवा नाव. असली तर माळ्यावर असेल, शनिवारी शिडी काढतो.