अनुभव धागा: सुरुवातीची समाजमाध्यमे आणि त्यांच्यात राहून गेलेले आपले लिखाण

गुंजवणेकाठ (धागाकर्ता)

आमच्या भटकंतीच्या गटातील एक जिवलग मित्र गेल्या महिन्यात अचानक गेला. त्याच्या घरी आम्ही जमलो असताना त्याच्या मुलीने विचारले, "काका, बाबांनी गडांबद्दल लिहिलेले सगळे कुठे वाचायला मिळेल?" आणि आम्हा कोणालाच तिला नीट उत्तर देता आले नाही.

आम्ही स्वारगेटहून पहाटेच्या गाडीने निघायचो, गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड चढायचो आणि रात्री दमून घरी यायचो. हा मात्र दुसऱ्याच दिवशी आपटे रस्त्यावरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचा आणि पाहिलेले सारे लिहून काढायचा. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीविषयी त्याने जितक्या बारकाईने लिहिले होते, तितके माझ्या वाचनात नंतर कुठे आले नाही. हे लिखाण तेव्हा आम्ही सारे ज्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर जमत होतो तिथल्या आमच्या समुदायात होते. ती सेवा बंद झाली तेव्हा तो परदेशी कामात गुंतलेला होता आणि ठरलेल्या मुदतीत त्याच्या खात्यातून काही उतरवून घेतले गेले नाही. छायाचित्रांची गोष्ट तर त्याहून वाईट आहे. सुरुवातीला तिथे एका सदस्याला अवघी १२ छायाचित्रे ठेवता येत असत, त्यामुळे नव्या गडाचे छायाचित्र चढवायचे म्हणजे जुन्या गडाचे काढून टाकायचे, असाच क्रम होता.

या सेवांनी आम्हाला एकमेकांशी जोडले, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही लिहिणाऱ्याचे श्रम त्याच्या हाती परत कसे येतील, याचा विचार त्या उभारणाऱ्यांनी फार कमी केला, असे आता तीव्रतेने वाटते. ज्यांनी ही माध्यमे अगदी पहिल्या वर्षांपासून वापरली त्यांनी आपले अनुभव येथे मोकळेपणाने लिहावेत.

शेवंती

आपल्या मित्राच्या जाण्याचे वाचून फार वाईट वाटले. त्या मुलीला सांगा की तिचा प्रश्न अगदी योग्य आहे.

माझा अनुभव हरवण्याचा नसून उघडे पडण्याचा आहे. मी कर्वे रस्त्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते. त्या काळी ऑर्कुटवर मैत्रिणीने मला लिहिलेला निरोप जगातील कोणीही वाचू शकत असे आणि त्याला कुलूप लावण्याची सोयच नव्हती. खासगी बोलण्यासाठी मुली एक युक्ती करायच्या. मित्रमैत्रिणींनी आपल्याविषयी चार चांगले शब्द लिहिण्यासाठी प्रशस्तिपत्राचा जो रकाना असे, त्यातला मजकूर मालकाने मंजूर केल्याशिवाय दिसत नसे, म्हणून त्यातच मनातले लिहून शेवटी "मंजूर करू नकोस" असे बजावायचे. मंजुरीची आणि नकाराची कळ शेजारी शेजारी असल्यामुळे वाचणाऱ्यांच्या जिवात जीव नसायचा.

पुढे कोणीतरी माझे छायाचित्र उचलून माझ्याच नावाने दुसरे खाते उघडले आणि त्यावरून आमच्या वर्गातील मुलांना निरोप जाऊ लागले. तक्रारीचा अर्ज फक्त इंग्रजीत होता. तो मी भरला, पण त्याला माणसाचे उत्तर कधीच आले नाही. सोलापूरला घरी कळले तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "तू ते बंद कर," आणि मला शिक्षा झाल्यासारखे वाटले. खोटे खाते मात्र तसेच चालू राहिले. अखेर वसतिगृहाच्या रेक्टरबाई स्वतः माझ्याबरोबर पोलिसांकडे आल्या, त्यानंतर काही आठवड्यांनी ते नाहीसे झाले. आज माझी मुलगी खाते उघडते तेव्हा कोण काय पाहू शकेल, हे तिला आधी ठरवता येते. त्या सोयीमागे माझ्यासारख्या अनेक मुलींचा मनस्ताप आहे, हे तिला मी मुद्दाम सांगते.

पाटी_पेन्सिल

शेवंतीताई, इंग्रजी अर्जाचा मुद्दा आपण मांडलात म्हणून लिहितो. मराठीसाठी या सेवांमध्ये जागाच नव्हती आणि त्याचा त्रास आम्ही अक्षरशः अक्षरागणिक सोसला आहे.

विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर देवनागरी नीट दिसण्यासाठी भारतीय लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे आणि त्यासाठी बहुधा विंडोजची मूळ सीडी लागायची. टिळक रस्त्यावरच्या कॅफेचे मालक ती द्यायला तयार नसत. मग आपण घरून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय अक्षरसंकेतात, लिहिलेले मित्राला चौकोनांच्या रांगेसारखे दिसे, म्हणून नाइलाजाने सगळे रोमन लिपीत लिहू लागले. ज्यांच्याकडे सोय होती त्यांनाही दऱ्या, वाऱ्यावर असे लिहिताना अर्धा र हवा तसा उमटत नसे. आपला 'ॲ' तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला.

ट्विटरवर आरंभी १४० चिन्हांची मर्यादा होती आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह या सर्वांची स्वतंत्र मोजणी होत असे. 'स्त्रियांच्या' या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, पण मोजणीत ती १३ चिन्हे होतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली तेव्हा कुठे मराठीत एक पूर्ण विचार एका दमात मांडता येऊ लागला. त्याआधी मी लिहिलेल्या वाक्यांतील विशेषणे आणि अव्यये गळून पडलेली आहेत, ती वाचताना आजही हळहळ वाटते.

ढोल_पथक_जुने

स्वयंपाक गॅसवर आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. आमचे पथक नदीपात्रात सराव करायचे आणि वेळ बदलली की सर्वांना एसएमएस जायचा. मराठीत लिहिले तर एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावत, इंग्रजीत १६०. सप्टेंबर २०११ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, ती नोव्हेंबरमध्ये २०० केली. जाहिरातींचा उपद्रव थांबवण्यासाठी ते केले होते हे मान्य आहे, परंतु पावसामुळे सराव रद्द झाल्याचे सर्वांना कळवायला आम्हाला चार जणांचे फोन लागायचे. पुढे व्हॉट्सॲप आले, तरी तिथेही एका गटात २०१६ पासून २५६ जणच मावत होते. वादक त्याहून जास्त, त्यामुळे ताशाचा गट वेगळा आणि ढोलाचा वेगळा. २०२२ मध्ये ती मर्यादा १,०२४ झाली.

शनिवारातला_वकील

एका गोष्टीचा उल्लेख येथे झालाच पाहिजे, कारण ती आपल्या शहराशी जोडलेली आहे. २००७ साली ऑर्कुटवरील शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरहून एका तरुण अभियंत्याला अटक केली. त्याचा त्या मजकुराशी काहीही संबंध नव्हता. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकाची, चुकीची माहिती दिली होती आणि त्यापायी त्या निरपराध माणसाला सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या कारागृहात काढावे लागले. आयपी पत्ता हा बहुतेक वेळा त्या त्या क्षणापुरता दिलेला असतो. तारीख, वेळ आणि वेळेचा पट्टा (टाइम झोन) यांपैकी एकात जरी गफलत झाली तरी बोट भलत्याच घराकडे जाते, हे तेव्हा तपास करणाऱ्यांना आणि न्यायालयात उभे राहणाऱ्या आम्हालाही पुरेसे उमगलेले नव्हते.

पुढे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. माध्यम नवे असते तेव्हा त्याचे नियमही कच्चे असतात आणि तो कच्चेपणा सर्वांत आधी सामान्य वापरकर्त्याच्या अंगावर येतो. शेवंतीताई, तुमच्या रेक्टरबाईंबद्दल वाचून आदर वाटला.

हिंजवडी_ते_कोथरूड

मी याच क्षेत्रात काम करतो. बससाठी थांबलो आहे, जमेल तेवढे लिहितो. गुंजवणेकाठ, तुमच्या मित्राच्या बाबतीत घडले ते जगभर घडले आहे. लोकांना स्वतःची संकेतपाने उभारू देणारे जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले आणि घरगुती पानांचे एक आख्खे शहर गेले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी आणि ईमेल गटांची सेवा याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. सर्व्हर बदलताना जुनी गाणी आणि छायाचित्रे नष्ट झाल्याचे मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केले. फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या गूगल बझ या समाजमाध्यमाने तर लोक कोणाशी वारंवार ईमेलने बोलतात, हेच त्यांच्या पानावर दाखवायला सुरुवात केली होती.

जुन्या संकेतपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधून पाहा, पण लॉगिन केल्यावरच दिसणारी पाने तिथे सहसा नसतात. आज हयात असलेल्या सर्वांनी करण्याजोगी गोष्ट अशी की गूगलच्या खात्यात, खाते बराच काळ वापरले गेले नाही तर त्यातील मजकूर आपण नेमलेल्या माणसाला मिळावा, अशी निष्क्रिय खात्यासाठीची व्यवस्था २०१३ पासून आहे आणि फेसबुकवर वारसदार नेमण्याची सोय २०१५ पासून आहे. मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्याला नामनिर्देशित करण्याची तरतूद आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही केलेली आहे. मला खेद याचा वाटतो की आपला मजकूर एका सेवेतून उचलून दुसरीकडे नेण्याचा जो हक्क २०१९ च्या विधेयकात होता, तो अंतिम कायद्यात उरला नाही. या धाग्यावरील निम्म्या दुःखांवर तोच उपाय होता.

टेकडीवाला

सर्वांचे वाचले. मी सेवानिवृत्त शिक्षक असून वेताळ टेकडीवरील पक्ष्यांच्या नोंदी एका ईमेल गटात लिहीत असे. तो गट बंद झाला, तरी माझ्या नोंदी टिकल्या, कारण गटात कोणीही लिहिले की पूर्ण मजकूर सर्वांच्या टपालपेटीत येत असे. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याविषयी लिहिलेले माझे मलाच एका माजी विद्यार्थिनीच्या टपालपेटीतून परत मिळाले.

गुंजवणेकाठ, तुमच्या मित्राने तेच लिखाण कुठल्या ईमेल गटालाही पाठवले होते का? तसे असेल तर गटातील प्रत्येकाला आपापल्या जुन्या टपालपेटीत गडाचे नाव घालून शोधायला सांगा. राजगड असे देवनागरीत शोधा आणि रोमन लिपीतही शोधा, कारण पाटी_पेन्सिल यांनी म्हटल्याप्रमाणे तेव्हा लोक दोन्ही प्रकारे लिहीत होते.

गुंजवणेकाठ (धागाकर्ता)

टेकडीवाले काका, तुमचे फार फार आभार. तुमचा सल्ला वाचून मी गटातील सर्वांना फोन केले. आमच्यातील एक ताई आता नाशिकला असतात. तोरणा आणि राजगड यांवरचे दोन लेख त्याने प्रकाशित करण्यापूर्वी त्यांना तपासायला पाठवले होते आणि ते त्यांच्या जुन्या टपालपेटीत जोडलेल्या फाइलच्या रूपात सापडले. फाइल उघडते, मात्र अक्षरे इंग्रजी चिन्हांच्या गर्दीसारखी दिसतात. मुलीला अजून काही सांगितलेले नाही, आधी वाचता यायला हवे.

पाटी_पेन्सिल

ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेले असणार, म्हणजे मजकूर शाबूत आहे. फाइलमध्ये बदल करू नका आणि मूळ प्रत बाजूला ठेवून दुसरीवर काम करा. मजकूर निवडल्यावर फॉन्टच्या रकान्यात जे नाव दिसेल ते मला कळवा, कारण कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर, याचा प्रत्येक जुन्या फॉन्टचा तक्ता वेगळा असतो. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे रूपांतर करताना वेलांट्या आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात. रूपांतर मी करून देतो. नंतर हे गड ज्यांनी तुमच्या मित्राबरोबर पाहिले आहेत अशा तुमच्यापैकी दोघांनी तो मजकूर ओळीओळीने वाचावा, कारण वाटा, पाण्याची टाकी आणि बुरुजांची नावे मला तपासता येणार नाहीत.