फील्ड प्रोजेक्टचा विषय आपण मागायचा की सर देतील तो घ्यायचा?

खाडीकाठची: मी रत्नागिरीत एसवायला आहे, झूलॉजी. 2020 च्या नवीन शैक्षणिक धोरणातला फील्ड प्रोजेक्ट आलाय, सरांनी यादी लावली त्यातलं फुलपाखरांचं माझ्या वाट्याला आलं. मागच्या बॅचची फाईल आहे, नाव बदलून दे असं सगळे म्हणतायत. मला ते नाही करवत. आई भाट्याच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला जाते, मी लहानपणापासून बरोबर असते, आता दोन तास वाकून चिखल उकरला तरी टोपलीचा तळ झाकत नाही आणि मिळतात त्यातल्या कितीतरी नखाएवढ्या, त्या आई परत टाकते. मला ह्याच्यावर करायचंय. घरचे म्हणतात तीन वर्षं गप काढ. सरांशी बोलू का? मार्क जातील अशी भीती वाटते.

शिरगावकर: वाद घालू नको, एक पान लिहून घेऊन जा. कुठे, किती वेळा, काय मोजणार, एवढंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओहोटीला पाणी लांबपर्यंत जातं, तेव्हाच जा. पाइपचा एक मीटरचा चौकोन कर, दर वेळी त्याच पट्ट्यात टाक, आतल्या सगळ्या तिसऱ्या मोज, प्रत्येकीची लांबी कॅलिपरने घे. तीन महिन्यांत सहा फेऱ्या होतात. ओळखायला अडलं तर शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, जाऊन विचार.

माडाखाली: एमएस्सीला सीटा कमी असतात ताई, मार्कांचं पण बघ. मी यादीतला घेतला होता, आज विषय पण आठवत नाही.

शिकवणारी: बाय, मी कॉलेजात शिकवते. यादी आम्ही लावतो कारण ऐंशी मुलांना ऐंशी विषय बघायला वेळ नसतो, पण कोणी स्वतःचा घेऊन आलं की मी तरी नाही म्हणत नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलंय, माणसाला निवड आपली वाटली, जमतंय असं वाटलं, सोबत आपली माणसं असली की शिकायची ओढ आतून येते. तुझ्याकडे तिन्ही आहेत. फक्त उत्तर आधीच ठरवू नको. तिसऱ्या कमी झाल्यात असं तुला वाटतं, मोजल्यावर वेगळं निघालं तर तेच लिही. आणि ती जुनी फाईल घेऊ नको, कृपा करून.

खाडीकाठची: पान दिलं. सर अजून हो म्हणाले नाहीत, ठेवून जा म्हणाले. आईला सांगितलं तर म्हणाली, मग नखाएवढ्या पण मोजूया आणि मगच टाकूया.