१९६५ ची म्हणून विकायला असलेली कोब्रा ४२७ ची प्रतिकृती : किंमत आणि अस्सलपणा याबद्दल सल्ला हवा

कोलंबसकर :

नमस्कार. मी अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो आणि शेल्बी कोब्रा ४२७ (साठच्या दशकातील दणकट इंजिनाची स्पोर्ट्स मोटार; ४२७ हे इंजिनाचे घनइंचांतील आकारमान) हिच्या घडणीची एखादी मोटार आपल्याकडे असावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मूळ कोब्रा माझ्या आवाक्यात कधीच येणार नाही, म्हणून शोध प्रतिकृतींचाच चालू आहे.

शेजारच्या राज्यातील एक मोटार सध्या मनात भरली आहे. जाहिरातीत तिचा उल्लेख "१९६५ शेल्बी कोब्रा ४२७ एस/सी" असा आहे. विक्रेत्याशी बोलल्यावर मात्र असे समजले की सांगाडा आणि फायबरग्लासची बॉडी फॅक्टरी फाइव्ह कंपनीच्या किटमधील (जुळवायच्या सुट्या भागांच्या संचातील) असून जुळणी आधीच्या मालकाने २००८ च्या सुमारास घरच्या गॅरेजमध्ये केली. इंजिन फोर्ड ३५१ विंडसर असून ते वाढवून ४२७ घनइंचांचे केले आहे. गिअरबॉक्स ट्रेमेकचा पाच गिअरचा, ब्रेक विलवुडचे आणि मागचा अॅक्सल मस्टँगचा आहे. सध्याच्या मालकाने त्यानंतर कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवले, रंग नव्याने दिला आणि आतील चामडे बदलले. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर कोब्राचे जनक कॅरोल शेल्बी यांची सही आहे आणि टायटलवर (मालकीच्या सरकारी दाखल्यावर) वर्ष १९६५ नोंदलेले आहे.

मागणी ७२,००० डॉलरची आहे. आजवर या मोटारीवर ९०,००० च्या वर खर्च झाला असून आपण तोट्यात विकत आहोत, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ही किंमत रास्त आहे का, या बदलांमुळे मोल वाढते की घटते, आणि सही व टायटलवरील वर्ष यांना अस्सलपणाच्या दृष्टीने काही वजन आहे का, हे जाणकारांनी सांगावे. काही वर्षांनी पुण्याला परतण्याचा विचार आहे. त्या वेळी ही मोटार सोबत नेता येईल का, याचेही उत्तर मिळाल्यास बरे होईल.

जुनी चाके :

कोलंबसकर, आपण व्यवहाराच्या आधी विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण या जाहिरातीतील पहिल्याच ओळीत मला अडचण दिसते. आपण वर्णन केलेली मोटार १९६५ ची नाही, शेल्बीची नाही, आणि ज्या अर्थाने एस/सी ही अक्षरे वापरली जातात त्या अर्थाने एस/सीही नाही. ती एक चांगली प्रतिकृती असू शकते आणि चांगल्या प्रतिकृतीला स्वतःचा मान असतो, पण तिची किंमत ठरवताना ती जे आहे त्यावरूनच ठरवावी लागेल.

मूळ मोटारींची हकीकत थोडक्यात सांगतो, म्हणजे भावांमधील दरी का आहे ते कळेल. इंग्लंडमधील थेम्स डिटन येथील एसी कार्स या छोट्या कारखान्याच्या 'एस' (Ace) या हलक्या मोटारीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवण्याची कल्पना कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्या पहिल्या मोटारीला, सीएसएक्स २००० या सांगाडा क्रमांकाच्या मोटारीला, २०१६ च्या मॉन्टेरे येथील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. ४२७ चे मोठे इंजिन, रुंद बॉडी आणि पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असलेला नवा सांगाडा १९६५ मध्ये आला आणि त्या मोटारींना सीएसएक्स ३००० मालिकेतील क्रमांक मिळाले. शर्यतींच्या मान्यतेसाठी शंभर मोटारी तयार असणे आवश्यक होते. तपासणीच्या वेळी त्यांपैकी जेमतेम निम्म्याच तयार असल्याने मान्यता नाकारली गेली, आणि शर्यतीसाठी बनवून पडून राहिलेल्या मोटारी रस्त्यावर चालण्याजोग्या करून विकल्या गेल्या. त्या एस/सी. त्यांची संख्या तीसच्या आसपासच आहे, आणि प्रतिकृतींच्या जाहिरातींत मात्र जवळजवळ प्रत्येक मोटार एस/सी असते. सगळ्या प्रकारच्या मूळ कोब्रा मिळून हजारच्या आसपास बनल्या आणि शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लबच्या नोंदवहीत त्यांचा क्रमांकवार इतिहास आहे. त्यामुळे एखादी मूळ मोटार कुठेतरी अज्ञात पडून होती आणि आता स्वस्तात मिळते आहे, या गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

मूळ आणि प्रतिकृती यांच्या मधल्या पायऱ्याही लक्षात घ्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी खुद्द शेल्बी यांनी सीएसएक्स ३००० मालिकेतील न वापरलेले क्रमांक देऊन काही मोटारी आणल्या आणि त्या साठच्या दशकातील उरलेल्या सांगाड्यांवर पूर्ण केल्याचे सांगितले. ते सांगाडे प्रत्यक्षात नव्याने बनवलेले होते, हे १९९३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने छापले. त्यानंतर सीएसएक्स ४००० मालिका आली, आणि ती उघडपणे नवी म्हणून विकली जाते. हे प्रकरण मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मूळ निर्मात्याच्या नावानेसुद्धा निर्मितीचे वर्ष बदलत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. त्याच्या खालोखाल युटामधील कर्कहॅम कंपनीच्या प्रतिकृती येतात, ज्यांच्या अॅल्युमिनियमच्या बॉडी पोलंडमधील जुन्या विमान कारखान्यात हाताने घडवल्या गेल्या. मग कनेक्टिकटमधील ईआरए, आणि दक्षिण आफ्रिकेत बनून शेल्बीच्या परवान्याने विकल्या जाणाऱ्या सुपरफॉर्मन्स. मॅसॅच्युसेट्समधील फॅक्टरी फाइव्हचे किट यांच्यापेक्षा स्वस्त आणि सर्वाधिक प्रमाणात घरी जुळवले जाणारे आहे. कंपनी स्वतः त्याला रोडस्टर म्हणते, कोब्रा म्हणत नाही, आणि शेल्बी यांच्याशी झालेल्या न्यायालयीन वादांची त्याला पार्श्वभूमी आहे. तेव्हा कंपनीनेच न दिलेले नाव विक्रेता देत आहे, हे आपण त्याला नम्रपणे दाखवून देऊ शकता.

किटमध्ये कमीपणा काही नाही. फॅक्टरी फाइव्हचा सांगाडा ताठ आणि समंजसपणे आखलेला आहे, आणि मस्टँगचे भाग वापरल्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. पण सुपरफॉर्मन्सची बॉडी रंगासह कारखान्यातच पूर्ण होऊन येते आणि खरेदीदार फक्त इंजिन-गिअरबॉक्स बसवतो, त्यामुळे दोन सुपरफॉर्मन्स बऱ्याच अंशी सारख्या असतात. किटची मोटार मात्र जुळवणाऱ्याच्या हाताइतकीच चांगली असते. बाजार हीच अनिश्चितता किमतीतून वजा करतो. माझ्या अंदाजाने, काम नीटनेटके असेल, पावत्या पूर्ण असतील आणि टायटल स्वच्छ असेल, तर या वर्णनाच्या मोटारीला पन्नास ते साठ हजारांच्या दरम्यान भाव योग्य ठरेल. ७२,००० च्या जवळपास पैसे मोजायचे असतील, तर थोडे थांबून वापरलेली सुपरफॉर्मन्स शोधावी, असे मी आग्रहाने सांगेन.

विक्रेत्याने ९०,००० खर्च केले असतील यावर मी शंका घेत नाही. परंतु रंग, चामडे आणि मजुरी यांवरचा खर्च हा मालकाच्या आवडीचा खर्च असतो आणि पुढच्या खरेदीदाराने तो भरून द्यावा असे काही बंधन नाही.

सहीबद्दल बोलायचे तर शेल्बी यांनी त्यांच्या मुलांसाठीच्या धर्मादाय प्रतिष्ठानाला देणगी देणाऱ्या असंख्य लोकांच्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणांवर सह्या केल्या. ते झाकण स्क्रू काढून कोणत्याही मोटारीला लावता येते. शेल्बी २०१२ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्या सहीला आठवण म्हणून मोल आहे आणि देणगीची पावती सोबत असेल तर अधिकच, पण ती सही मोटारीविषयी काहीही सिद्ध करत नाही.

पाना आणि पक्कड :

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. इंजिनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ४२७ या आकड्याभोवती सर्वाधिक गैरसमज आहेत.

१९६५ च्या मोटारीतील ४२७ हे फोर्डच्या एफई कुटुंबातील इंजिन होते. शर्यतीसाठी घडवलेल्या त्याच्या साइड-ऑइलर ब्लॉकमध्ये तेलाची मुख्य वाट बाजूने जाते, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना तेल आधी मिळते. आपण पाहिलेले ३५१ विंडसर हे वेगळ्याच कुटुंबातील, पुष्कळ हलके इंजिन आहे, आणि बोअर व स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी व पिस्टनची धाव) वाढवून त्याचे आकारमान ४२७ घनइंच केले जाते. यात फसवणूक नाही, उलट पुढच्या चाकांवरचे वजन कमी झाल्यामुळे अशी मोटार वळणांवर अधिक चांगली वागते. मात्र एफई घराण्यातील खऱ्या ४२७ साइड-ऑइलरला जुन्या इंजिनांच्या बाजारात वेगळीच किंमत आहे, आणि ती किंमत या इंजिनाला लागू होत नाही. दोन्हींतला फरक बॉनेट उघडल्याबरोबर ओळखता येतो. एफईमध्ये इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा वरचा भाग) इतका रुंद असतो की व्हॉल्व्ह कव्हरची आतली कड त्याच मॅनिफोल्डवर टेकते. विंडसरमध्ये कव्हर पूर्णपणे हेडवर बसते. कव्हरवर ४२७ ची अक्षरे कोरलेली असतील तर त्यांकडे दुर्लक्ष करावे. आणखी एक सांगावेसे वाटते, की रस्त्यासाठी विकल्या गेलेल्या कितीतरी मूळ ४२७ कोब्रांमध्येही प्रत्यक्षात फोर्डचे स्वस्त ४२८ इंजिन होते, तेव्हा त्या काळीही हा आकडा पुरेसा पुरावा नव्हता.

विंडसर वाढवताना ब्लॉक कोणता वापरला, हे अवश्य विचारा. कारखान्याच्या मूळ ब्लॉकमध्ये स्ट्रोक खूप वाढवून ४२७ गाठलेले असेल, तर बाहेरच्या कंपनीच्या भक्कम ब्लॉकच्या तुलनेत त्याचे आयुष्य आणि मोल दोन्ही कमी धरावे. मशीन शॉपची पावती आणि डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मिळाला तर उत्तम. पावत्या नसतील तर इंजिनाच्या आत काय आहे हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि मी अशा इंजिनाला साध्या ३५१ चीच किंमत देईन.

बदलांबाबत माझे मत असे आहे की चालवण्यात सुधारणा करणारे आणि मोटारीच्या घडणीला न दुखावणारे बदल किंमत टिकवतात. पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि मोठे ब्रेक हे त्यांत येतात. मूळ मोटारीला चार गिअर होते आणि हायवेवर ते थकवणारे असते, म्हणून पाचवा गिअर जवळजवळ सर्वांनाच हवा असतो. फ्युएल इंजेक्शनबाबत खरेदीदारांमध्ये दोन तट आहेत. काढलेला कार्ब्युरेटर विक्रेत्याकडे असेल तर तोही मागून घ्या. मागचा अॅक्सल मात्र भावात धरायला हवा, कारण मूळ ४२७ ला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होते आणि याच किटला तो पर्याय उपलब्ध असूनही येथे घेतलेला नाही.

प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा मोटार लिफ्टवर घेण्याचा आग्रह धरा. सांगाड्याचे जोड आणि गंज, ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्यांची बांधणी, वायरिंगची शिस्त, रोल बार (मोटार उलटल्यास डोके वाचवणारी नळीची कमान) सांगाड्याला बोल्ट केला आहे की केवळ फायबरग्लासवर उभा आहे, या गोष्टी जुळवणाऱ्याचा स्वभाव सांगून जातात. चाकाच्या कमानी आणि दरवाजांचे कोपरे येथे जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर नव्या रंगाखाली जुनी दुरुस्ती लपलेली असण्याची शक्यता आहे. इंजिन पूर्ण गरम होऊन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू द्या आणि तापमानाचा काटा पाहत राहा. या छोट्या नाकाच्या मोटारींत इंजिन जास्त तापण्याची तक्रार नेहमीची आहे.

मुंबई बंदर :

पुण्याचा प्रश्न राहिला आहे, त्याचे उत्तर देतो. वापरलेली मोटार भारतात आणताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, अशा अटी आहेत; आपली मोटार दोन्हींत बसत नाही. जुन्या, ऐतिहासिक मोटारींसाठी वेगळी सवलत आहे, पण ती खरोखर जुन्या मोटारींसाठी आहे, २००८ च्या जुळणीसाठी नव्हे. टायटलवर १९६५ लिहिले आहे म्हणून त्या सवलतीत मोटार बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. सीमाशुल्क विभागापुढे निर्मितीचे खोटे वर्ष जाहीर करणे हा गंभीर गुन्हा ठरेल. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर, निर्मात्याच्या मूळ तपशिलांत बदल केलेल्या वाहनांबाबत आरटीओ अधिकच काटेकोर झाली आहे. परतण्यापूर्वी ती अमेरिकेतच विकावी लागेल असे धरून चाला.

कोलंबसकर :

सर्वांचे मनापासून आभार. एक मुद्दा अजून स्पष्ट झालेला नाही. टायटलवर १९६५ असणे हे मुळातच बेकायदेशीर आहे का? आणि पुढे मलाच विकायची असल्यामुळे या त्रुटीचा भार माझ्यावर येईल का?

जुनी चाके :

केवळ वर्षावरून तसे म्हणता येत नाही. काही राज्यांत प्रतिकृती ज्या मोटारीसारखी दिसते, तिचे वर्ष टायटलवर नोंदवण्याची कायद्यानेच मुभा आहे, परंतु अशा वेळी ती प्रतिकृती किंवा जुळवलेली मोटार असल्याचा शेराही सोबत असतो. म्हणून टायटलची प्रत मागवून तीन गोष्टी पाहा : निर्मात्याच्या रकान्यात काय लिहिले आहे, प्रतिकृतीचा शेरा आहे का, आणि तेथील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळतो का. निर्माता म्हणून 'शेल्बी' किंवा 'फोर्ड' असेल, शेरा नसेल आणि क्रमांक एखाद्या जुन्या मोटारीचा वाटत असेल, तर किंमत कितीही खाली आली तरी व्यवहार करू नये, कारण असे टायटल पुढे रद्द होऊ शकते आणि मोटार जप्त होण्याचा धोकाही राहतो. होय, तो भार विकताना आपल्यावरच येईल.

फॅक्टरी फाइव्ह प्रत्येक किटसोबत उत्पत्तीचे प्रमाणपत्र देते. त्याची प्रत आणि मुख्य भागांच्या पावत्या विक्रेत्याकडून मिळवा. ओहायोमध्ये घरी जुळवलेल्या मोटारीची तपासणी हायवे पॅट्रोल (राज्याचे महामार्ग पोलीस) करते आणि तेथे पावत्या दाखवाव्या लागतात, तेव्हा टायटल नव्याने योग्य नोंदीसह करून घेण्याची वेळ आली तर हेच कागद उपयोगी पडतील. पैसे देण्यापूर्वी त्या कार्यालयाला आणि टायटल कार्यालयाला दूरध्वनी करून, शेजारच्या राज्याचे हे टायटल ते जसेच्या तसे स्वीकारतील का, हे विचारून घ्या. विम्यासाठी ठरावीक मूल्याची (मोटारीची किंमत आधीच ठरवून घेतलेली) पॉलिसी घ्या आणि अर्जात मोटारीचे वर्णन "फॅक्टरी फाइव्ह प्रतिकृती, जुळणी २००८" असेच लिहा. कागद जुळले आणि लिफ्टवरची तपासणी समाधानकारक झाली, तर माझ्या मते ५५,००० पासून बोलणी सुरू करावीत.