भाजलेलं मूल आणि गप्प बसलेली आई

पर्थवासी: मी ऑस्ट्रेलियात पर्थला लहान मुलांच्या बर्न्स वॉर्डात परिचारिका आहे. परवा मराठी मंडळींच्या जेवणात एकजण म्हणाले, "ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूलनिवासी कुटुंबांसाठी वेगळा माणूस, वेगळी पद्धत कशाला? सगळ्यांना सारखंच वागवा." तिथे मला बोलणं सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या राज्याच्या पार उत्तरेला किंबर्ली आहे. तिथल्या मुलाचा पाय विझलेल्या शेकोटीत पडतो. (वाळू टाकली की निखारे दिसत नाहीत, धग मात्र तासन्‌तास राहते. शेकोटी पाण्यानेच विझवावी.) फ्लाइंग डॉक्टरच्या (दुर्गम भागातल्या विमान-रुग्णसेवेच्या) विमानाने ते पर्थला येतं. किंबर्लीतल्या ब्रूम गावाहून रस्त्याने हे अंतर २,००० किलोमीटरच्या वर आहे. सोबत बहुतेकदा एकच मोठं माणूस. आणि आल्याआल्या आईला विचारलं जातं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

तिच्या आजीच्या काळात सरकारी माणसं मुलं उचलून नेत. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालात हे सगळं आलं आहे. मग ती गप्प बसते, आणि आम्ही फाइलीत लिहितो, 'सहकार्य करत नाही'. मीसुद्धा लिहिलंय, त्याचं वाईट वाटतं. पहिल्या तासापासून तिच्या शेजारी तिच्याच समाजातला आरोग्य कर्मचारी हवा, एवढंच माझं म्हणणं.

सडेतोड: पटलं नाही. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं गार पाणी, तेही पहिल्या तीन तासांत. इथे कोणाची संस्कृती आडवी येते? आणि घरी हेळसांड झाली का, हे विचारायलाच हवं. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलात आणि पोर पुन्हा भाजलं, तर?

पर्थवासी: विचारू नका असं मी कुठे म्हटलं? कोणी विचारायचं, कसं विचारायचं, हा मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मुलांपैकी जेमतेम ६ टक्के मूलनिवासी, पण सरकारने घराबाहेर ठेवलेल्या मुलांत ती ४० टक्क्यांहून जास्त आहेत. तिची भीती आजची आहे.

शिवाय घरी गेल्यावर काय? व्रण फुगू नयेत म्हणून घट्ट प्रेशर गारमेंट दिवसाचे २३ तास घालायचे, कित्येक महिने, तेही किंबर्लीच्या उकाड्यात. ते पोर सांभाळणार कोण? आजी, मावश्या. आपल्याकडे 'माय मरो, मावशी उरो' म्हणतात. तिथे अनेक समाजांत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. आम्ही मात्र सगळं एकाच बाईला शिकवून विमानात बसवतो, आणि मूल व्रण आखडून परत आलं की तिलाच बोल लावतो.

धारणीकर: मेळघाटात काम केलंय, म्हणून दोन शब्द. इथे बाळाचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आम्ही ओरडलो की आया बाळ लपवायच्या. पुढे आरोग्य खात्याने भुमकांनाच, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूंनाच, सोबत घेतलं, पेशंट दवाखान्यात धाडायला सांगितलं. ती वाट मला बरोबर वाटते. पण संस्कृती म्हणून डंबा कोणी खपवून घेऊ नये. तिथे तुम्ही ही रेघ कुठे ओढता?

पर्थवासी: तिकडची गोष्ट वेगळी आहे, दादा. ही मुलं रूढीपायी भाजत नाहीत. शेकोटी, उकळता चहा, दाटीवाटीची घरं, ही कारणं. आणि आदर म्हणजे धोका चालवून घेणं नव्हे. 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा विचार न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडला. वागणूक सुरक्षित होती की नाही, हे पेशंटने ठरवायचं, नर्सने नाही. मला हे पचायला वेळ लागला.

सडेतोड: मावशीच्या तिकिटाचा खर्च सरकारने द्यावा, हे मान्य. गावातच ड्रेसिंग करणारी नर्स द्या, तेही मान्य, किंबहुना पैसा आधी तिकडेच जावा. पण चौकशी पहिल्याच दिवशी व्हावी, यावर मी ठाम आहे.

पर्थवासी: पहिल्याच दिवशी करा. फक्त आधी तिला खुर्ची द्या, मूल कसं आहे ते सांगा, आणि तिच्या समाजातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला आत येऊ द्या.