पोरांना ऑनलाइन काही झालं तर ती घरी सांगतात का? अनुभव लिहा

काजवा
काल लेकीच्या शाळेत सायबर सेलच्या मॅडम आल्या होत्या, त्यांनी विचारलं की इन्स्टावर कुणी त्रास दिला तर घरी सांगाल का, तर निम्म्याहून जास्त पोरं खाली बघत बसली. मला एकदम आमची सांगलीची मावसबहीण आठवली. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटचे दिवस, कुणीतरी तिचा गॅदरिंगचा फोटो उचलून तिच्या नावाने प्रोफाइल काढलं आणि घाणेरडे स्क्रॅप, म्हणजे तिथले मेसेज, टाकायला लागला. घरी कळल्यावर काय, तर तिचंच सायबर कॅफेत जाणं बंद, क्लासला सोडायला भाऊ. करणारा मोकळा. ती आजही म्हणते त्या फोटोपेक्षा घरच्यांच्या नजरा जास्त लागल्या. म्हणून विचारतेय, तुमची पोरं सांगतात का, कशामुळे सांगायला लागली? लिहा, फक्त कुणाची नावं नकोत.

खारीकखोबरं
आमच्याकडे मामाला सांगतात, मामा म्हणजे मी. भाचा नववीत, रात्री उशिरा फोन, मामा जवळ कुणी आहे का. एका 'मुलीचा' मेसेज, मग गप्पा, मग व्हिडिओ कॉल, मग रेकॉर्डिंग दाखवून पैसे टाक नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवते. पोरगा रडत होता. आधी एवढंच म्हटलं की तुझा फोन कुणी काढून घेणार नाही, मग तो नीट बोलायला लागला. एक रुपया दिला नाही, दिले की मागणी वाढतेच. चॅट डिलीट करायचं नाही हे महत्त्वाचं, स्क्रीनशॉट, अकाउंटची लिंक, यूपीआय आयडी सगळं ठेवलं, मग ब्लॉक, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा, लवकर कळवलं तर रक्कम अडवता येते. ताईला सांगितलं, पण त्याला विचारून.

दुपारचीझोप
बापरे. वाचतेय, कुकर लावलाय, नंतर लिहिते

ओलीसुकी
खारीकखोबरं, भाच्याला शाबास सांगा. अजून एक, १८ च्या आतल्या मुलांसाठी असले खासगी फोटो नेटवरून काढायला 'टेक इट डाउन' म्हणून फुकट सोय आहे, अमेरिकेतली संस्था चालवते पण इथूनही वापरता येते. फोटो कुठे पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक कोड तयार होतो, तेवढाच जातो आणि सामील असलेले प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो शोधून हटवतात. माझ्या मैत्रिणीच्या मुलीने 'फोटो अपलोड करावा लागेल' या भीतीने किती दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं हो.

सांगलीकर
काजवा, सांगलीत कुठे? विश्रामबाग का?

काजवा
नाही हो, गावभाग 🙂

फळा_खडू
मी जि.प. शाळेवर आहे. इथे फोन आईचा, सिम बाबांचं, अकाउंट पोराचं आणि जन्मसाल २००० टाकलेलं. इन्स्टाचं टीन अकाउंट २०२५ मध्ये भारतात आलं, त्यात खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, १६ च्या आतल्यांना ते सैल करायला पालकांची परवानगी लागते, पण वयच खोटं असेल तर काय उपयोग. पालकसभेत मी आधी जन्मसाल बघायला लावते. आणि ओरडू नका म्हणून हात जोडते. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, मॅडम आईला कळलं तर माझं लग्नच लावून टाकतील. काय बोलायचं यावर.

यारानदीकाठी
मेलबर्नहून. इथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना इन्स्टा, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूबवर अकाउंटच नाही, दंड कंपन्यांना, पोरांना किंवा आईबापांना नाही. लेक खूप चिडला. व्हॉट्सॲप त्यात नाही म्हणून पुण्याच्या भावंडांचा ग्रुप धो धो चालू आहे, त्यावर दिवसभर मोदकांचे फोटो, आज्जी व्हॉइस नोट टाकते मोठ्ठी 😄

दुपारचीझोप
आले. आज्जीवरून आठवलं, आमच्या सासूबाई नातीचे युनिफॉर्ममधले फोटो फेसबुकवर टाकायच्या, शाळेचा बॅज, स्कूल बसचा नंबर सगळं दिसायचं. मी बोलले असते तर रुसल्या असत्या, नातीनेच सांगितलं 'आजी मला न विचारता नको', आता प्रत्येक फोटो तिला दाखवून टाकतात. बरं ते स्नॅपचॅटमधलं स्नॅप मॅप कुठून बंद करतात? लेकीचं घर दिसतंय त्यात

ओलीसुकी
मॅप उघड, वर सेटिंगचं चाक, घोस्ट मोड चालू कर, मग ती कुठे आहे ते दिसत नाही. तिच्यासोबत बसून कर ग, गुपचूप नको

दुपारचीझोप
क्लासवरून आली की करते 👍