शब्द सुचवा: कार्डावरून ‘परस्पर’ गेलेले पैसे

पन्हं
आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी एकपानी पत्रक करतेय. क्रेडिट कार्डाच्या बिलात आपण न केलेला खर्च दिसला तर काय करायचं, एवढाच विषय. मूळ मजकुरात पहिल्याच ओळीत ‘अनऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन’ आहे. मी ‘अनधिकृत व्यवहार’ लिहिलं. एक आजी म्हणाल्या, “अनधिकृत म्हणजे गच्चीवर पत्रे टाकतात ते ना?” एका काकांनी ‘परस्पर व्यवहार’ सुचवलं, तर संस्कृतच्या निवृत्त बाईंनी ते खोडलं. परस्पर म्हणजे एकमेकांत, मग चोर आणि आपण मिळून केलं असा अर्थ होईल म्हणे. काय लिहू?

आडकित्ता
‘परस्पर’च लिहा. ‘भावाने जमीन परस्पर विकली’ यात भावाभावांचं संगनमत कुणाला दिसतं का? मला न विचारता, मला वळसा घालून, हा अर्थ मराठीत पक्का रुजलाय. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण आणि ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल. बाईंनी वर्गात शिक्षा केली ती कोणत्या अर्थाने, विचारून बघा.

बोरूबहाद्दर
आडकित्ता, अर्धंच बरोबर. ‘परस्पर’ क्रियाविशेषण असेल तेव्हाच तुमचा अर्थ लागतो: परस्पर विकली, परस्पर काढले. नामाच्या आधी बसलं की ते मुकाट्याने संस्कृत होतं: परस्पर सहकार्य, परस्पर संमती. त्यामुळे ‘परस्पर व्यवहार’ चूक, ‘परस्पर काढलेली रक्कम’ बरोबर. बाईही बरोबर, काकाही बरोबर.

तिरफळ
एवढं कशाला? ‘न विचारता कटलेले पैसे’ लिहा. सगळ्यांना कळतं.

बोरूबहाद्दर
तिरफळताई, पतंग कटतो. पैसे कापले जातात, वळते होतात, वजा होतात. ‘कटले’ हे ‘पैसे कट गये’चं सरळ भाषांतर आहे.

तिरफळ
आमच्या कणकवलीच्या बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे ‘कटले’च म्हणतात. त्यांना हिंदी शिकवायला कोणी आलं नव्हतं. आणि ‘वजा’ तरी कुठला, फारसीतून आलेलाच ना?

हिशेबनीस
सहकारी बँकेत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. पत्रकातला शब्द नुसता गोड असून भागत नाही, त्यावर पैसे ठरतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन परिस्थिती आहेत. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काही नाही, कळवलं असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडूनच कार्डाची माहिती फुटली, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,०००. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण. आणि ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं.

म्हणून माझं मत: अर्जात ‘माझी फसवणूक झाली’ हे पहिलं वाक्य नको. फसवणूक म्हटलं की समोरचा विचारतो, तुम्ही काय सांगितलंत, कुठे दाबलंत? आधी ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं सरळ लिहावं, तारीख, वेळ, रक्कम घालावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ओटीपी दिला असेल तर तेही लपवू नये. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हे मात्र ठळक छापा.

पन्हं
काका, हे फारच उपयोगी. पण मग मजकुरातल्या ‘डिस्प्यूटेड’ला, म्हणजे आपण बँकेकडे आक्षेप घेतलेल्या व्यवहाराला, ‘वादग्रस्त’ चालेल का?

आडकित्ता
वादग्रस्त व्यवहार म्हटलं की मला एखाद्या मंत्र्याचा भूखंड दिसतो.

तिरफळ
‘हरकत घेतलेला’ म्हणा. तलाठ्याकडे जमिनीच्या नोंदीत फेरफार पडला की १५ दिवसांत हरकत घेतातच की. शेतकऱ्याला तोच शब्द कळतो.

सातासमुद्रा
न्यू जर्सीहून. इथे आम्ही मराठी माणसं सर्रास ‘डिस्प्यूट टाकला’ म्हणतो, ‘केला’ नाही. का ते माहीत नाही, पेटीत तक्रार टाकल्यासारखं असेल. इथे कायद्याने बिल पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात आणि अनधिकृत वापरात ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरच्या वर जात नाही. त्यामुळे लोक जरा काही दिसलं की टाकतात. माझ्या नवऱ्याने असाच टाकला. बिलात कुठल्याशा अगम्य कंपनीचं नाव होतं. निघालं काय, तर आम्ही दर शनिवारी जेवतो त्या उडुप्याची कागदोपत्री कंपनी! मालक अजून आमच्याशी तुटक बोलतो.

आडकित्ता
हे महत्त्वाचं आहे. दुकानाच्या पाटीवर एक नाव, नोंदणी दुसऱ्याच नावाने आणि मध्ये पेमेंट गेटवेचं, म्हणजे दुकानासाठी पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं, तिसरं. म्हणजे ‘अनोळखी’ व्यवहार वेगळा आणि ‘परस्पर’ व्यवहार वेगळा. पन्हं, पत्रकात दोन शब्द लागतील.

बोरूबहाद्दर
‘परस्पर व्यवहार’ नाही हो. वर सांगितलं ना.

सातासमुद्रा
आणि आपणच कधीकाळी ‘हो’ म्हटलेलं वर्गणीचं ऑटो-डेबिट, दर महिन्याला आपोआप जाणारं? त्याला काय म्हणणार?

हिशेबनीस
‘विसरलेला व्यवहार’! भारतात त्याची आगाऊ सूचना निदान २४ तास आधी यायला हवी. वाचत कोण नाही, हा भाग वेगळा.

बरं, आणखी एक. ग्राहकाने कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. या तात्पुरत्या जमेला ‘शॅडो रिव्हर्सल’ म्हणतात. माझ्याकडच्या एका भाषांतरात चक्क ‘सावली उलटवणे’ आहे. अहो, यासाठी आपल्याकडे शब्द आहे. उचंत. निर्णय होईपर्यंत रक्कम उचंत खात्यात टाकायची. ‘उचंत जमा’ म्हणा.

तिरफळ
😄 सावली उलटवणे! अमावास्येला का?

बोरूबहाद्दर
उचंत सुंदर आहे, पण आज तिशीतल्या कुणाला कळेल? ‘तात्पुरती जमा’ लिहा.

आडकित्ता
वा! मघाशी ‘कटले’ लोकांना कळतं तर ते अशुद्ध. आता ‘उचंत’ शुद्ध आहे तर ते लोकांना कळत नाही. एक काय ते ठरवा.

बोरूबहाद्दर
मी अशुद्ध म्हटलंच नाही. भाषांतर म्हटलं. दोन्हींत फरक आहे.

हिशेबनीस
उचंतवरून आठवलं. वाण्याकडून उधारीवर माल उचलायचा त्याला ‘उचापत’ म्हणत. आमच्या वडिलांच्या किर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, उचापतीचं पानच वेगळं होतं. क्रेडिट कार्ड म्हणजे दुसरं काय? उचापतच.

सातासमुद्रा
म्हणजे ‘उचापती करणे’ इथून आलं? उधारी करणारा तो उचापती?

आडकित्ता
शक्यच आहे. परत न देणाऱ्याला गावात दुसरं काय म्हणणार?

बोरूबहाद्दर
ऐकायला छान. पण उधारीवरून ‘नसते उद्योग’ कसा अर्थ झाला, मधली पायरी कुठाय? आवाज जुळला की व्युत्पत्ती होत नाही.

तिरफळ
मग ‘गंडा घालणे’ कुठून ते सांगा. बातम्यांत सारखं असतं, ‘ऑनलाइन गंडा’. माझी आजी म्हणायची, मांत्रिक गंडा बांधून पैसे उकळायचे त्यावरून.

हिशेबनीस
गंडा म्हणजे चाराचा गट. कवड्या गंड्यांनी मोजत. मोजताना हातचलाखी केली की गंडा घातला.

तिरफळ
मोजताना गंडा ‘घालत’ नाहीत, ‘करतात’. घालतात तो गळ्यात.

पन्हं
मंडळी, पत्रक उद्या छापायला द्यायचंय. सध्या असं करते: ‘तुम्ही न केलेला खर्च बिलात दिसला तर’. शिवाय १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, आणि बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

बोरूबहाद्दर
चालेल. फक्त ‘लोकपाल’मुळे लोकांना २०११ चं उपोषण आठवेल. ‘बँकिंग लोकपाल’ लिहा.

हिशेबनीस
नोव्हेंबर २०२१ पासून ती योजना ‘एकात्मिक लोकपाल’ आहे. ‘बँकिंग’ त्यात राहिलं नाही.

तिरफळ
काका, कवड्या मोजताना नक्की कोणतं क्रियापद वापरत ते सांगा आधी.