फारसे कोणाला माहीत नसलेले, कमी खर्चातले कुंग फू विनोदपट का आवडतात?

प्रश्न:
सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हाँगकाँग आणि तैवानमध्ये ढिगाने निघालेले कुंग फू विनोदपट मी आवडीने पाहतो. उनाड शिष्य, विक्षिप्त म्हातारा गुरू, पांढऱ्या भुवयांचा खलनायक आणि शेवटी माळरानावरची लांबलचक मारामारी, एवढेच बहुतेकांचे कथानक असते. केसांचे टोप उघड उघड खोटे दिसतात, तरीही शेवटपर्यंत उठवत नाही. ही निव्वळ टिंगलीची मजा म्हणावी, की त्यांत खरोखर काही गुण आहे?

प्रतिसाद १:
गुण आहे, आणि तो अंगमेहनतीचा आहे. १९७८ साली युएन वू-पिंग यांनी जॅकी चॅनला घेऊन केलेला ‘ड्रंकन मास्टर’ तुफान चालला आणि अनुकरणाची लाट आली. त्यातला दारुडा गुरू साकारणारे युएन सिउ-तिएन हे दिग्दर्शकाचे वडील. पुढे इतर निर्मात्यांनीही त्यांना तशाच अवतारात उभे केले. या लाटेतले अनेक नट आणि मारामारीचे दिग्दर्शक लहानपणापासून चिनी ऑपेराच्या, म्हणजे गाण्या-अभिनयासोबत कसरती आणि लुटुपुटूची लढाईही असलेल्या पारंपरिक नाट्यप्रकाराच्या, कडक तालमीत घडलेले होते. म्हणूनच एखाद्या फालतू चित्रपटातही साधे लाकडी बाकडे काखेतून मानेवर, मानेवरून पायावर आणि तिथून प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर असे एकाच शॉटमध्ये फिरते, तेव्हा हसू येते आणि दादही द्यावीशी वाटते.

प्रतिसाद २:
सहमत आहे, मात्र हेतुपुरस्सर विनोद आणि डबिंगमधून नकळत झालेला विनोद यांची गल्लत करू नये. त्या काळी तिथे चित्रीकरण बहुधा आवाजाविना होत असे आणि संवाद नंतर भरले जात. इंग्रजी आवृत्त्यांसाठी तर मोजकीच मंडळी आवाज देत असल्याने नायक, दुकानदार आणि खलनायक एकाच गळ्यातून बोलल्यासारखे वाटतात. मला तेही आवडते, पण त्याचे श्रेय मूळ कलाकारांना कसे देणार?

प्रतिसाद ३:
सरसकट कौतुक मला पटत नाही, कारण यातले बरेच चित्रपट चक्क कंटाळवाणे आहेत आणि तोंड वेडेवाकडे करणे म्हणजेच विनोद, अशी त्यांची समजूत दिसते. तरीही पाहायचेच असतील, तर रुंद पडद्याची मूळ चौकट राखलेली प्रत शोधावी. जुन्या व्हिडिओ कॅसेटसाठी चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जात, त्यामुळे कित्येकदा लाथ दिसते, पण ती खाणारा चौकटीबाहेरच राहतो.